शेजारचा तालुका दुष्काळी, आमचा का नाही? आणि जलयुक्त होऊनसुद्धा टँकर का लागतो?

ताई, तुम्ही एका दमात दोन प्रश्न विचारलेत आणि दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत, म्हणून जरा लांब लिहितोय, सवडीने वाचा. पहिला प्रश्न असा, की २०२३ ला शेजारचा तालुका दुष्काळी जाहीर झाला, तुमचा राहिला, मग नंतर तुमचं महसूल मंडळ (वीस-पंचवीस गावांचा गट) 'दुष्काळसदृश' यादीत आलं पण कुणाच्या खात्यावर दुष्काळाचा एक रुपया आला नाही, हे कसं काय. आणि दुसरा, गावात जलयुक्त शिवार या सरकारी योजनेची पाणी अडवायची कामं झालीत, नाला खोल केलाय, सिमेंट बंधारे आहेत, तरी फेब्रुवारी संपला की टँकर सुरू, तर ग्रामपंचायत सदस्य म्हणून तुम्ही करायचं काय. मी तीस वर्षं मराठवाड्यात विहिरी मोजायचं काम केलंय, आधी नोकरीत आणि रिटायर झाल्यावर गावांबरोबर, त्यामुळे जे डोळ्यांनी बघितलंय आणि हातांनी केलंय तेवढंच सांगतो.

आधी पैसेवारीचं, म्हणजे रुपयाला किती पैसे पीक आलं या अंदाजाचं बघू, कारण ग्रामसभेत अजूनही सगळे तेच धरून बसतात. "आमची पैसेवारी पन्नासच्या आत आहे मग आम्ही दुष्काळी कसे नाही" हा प्रश्न मी कितीतरी गावांत ऐकलाय. पूर्वी ते खरंच होतं. सप्टेंबरात नजर अंदाज पैसेवारी, मग सुधारित, मग डिसेंबरअखेर अंतिम, आणि पन्नास पैशांच्या आत आली की टंचाई किंवा दुष्काळ. पण केंद्राने २०१६ च्या डिसेंबरात दुष्काळ संहिता नव्याने आणली आणि राज्याने २०१७ ला ती स्वीकारली, तेव्हापासून दुष्काळ जाहीर करायचा रस्ताच बदललाय. पैसेवारी अजून काढतात, पण तिच्यावरून दुष्काळ ठरत नाही. हे गावात कुणी नीट सांगितलंच नाही, लोक आजही पैसेवारीवर भांडतात आणि जिथं खरं ठरतं तिथं कुणीच हजर नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता ठरतं कसं ते बघा. पहिली कळ, म्हणजे पहिला निकष, पाऊस. सरासरीच्या मानाने किती कमी पडला आणि मधे सलग तीन-चार आठवडे खंड पडला का. ही पहिली कळ लागली तरच दुसरी तपासतात. दुसरीत पेरणी किती क्षेत्रावर झाली, उपग्रहाच्या चित्रात पीक किती हिरवं दिसतंय, जमिनीत ओल किती, धरणात आणि भूजलात पाणी किती, हे सगळं येतं. त्यातही तालुका बसला तर मग प्रत्यक्ष पाहणी, म्हणजे तालुक्यातली दहा टक्के गावं चिठ्ठी काढल्यासारखी निवडायची आणि तिथं प्रमुख पिकांची शेतं जाऊन बघायची. मग गंभीर, मध्यम की काहीच नाही ते ठरतं. खरिपाचं हे सगळं ऑक्टोबरअखेर उरकायचं असतं. म्हणूनच २०१८ ला ३१ ऑक्टोबरला १५१ तालुके जाहीर झाले आणि २०२३ ला पण ३१ ऑक्टोबरलाच ४० तालुके, त्यात बीडमधले वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई हे तीनच.

चाळीसच तालुके म्हटल्यावर ओरड झाली आणि ती रास्तच होती. मग दहा दिवसांनी, १० नोव्हेंबरला, सरासरीच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी आणि ७५० मिलिमीटरपेक्षाही कमी पाऊस असलेली १०२१ महसूल मंडळं 'दुष्काळसदृश' म्हणून जाहीर झाली. तुमचं मंडळ यातलं. या मंडळांना सवलती लागू झाल्या, म्हणजे जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू बिलात ३३.५ टक्के सूट, पोरांची परीक्षा फी माफ, रोजगार हमीच्या निकषात ढील, लागेल तिथं टँकर आणि पंपाची लाईट तोडायची नाही. पण संहितेप्रमाणे तालुका जाहीर झाला की जे पीक नुकसानीचं निविष्ठा (बी-खताच्या खर्चाचं) अनुदान मागता येतं, जिरायतीला हेक्टरी ८५००, बागायतीला १७०००, बहुवार्षिक पिकांना २२५०० आणि तेही दोन हेक्टरपर्यंत असा केंद्राचा निकष, ते सवलतींच्या यादीत नाहीच. म्हणून खात्यावर काही आलं नाही. तुमचे पैसे मधे कुणी खाल्ले असा जो संशय गावात आहे ना, तो तेवढा काढून टाका, मुळात मंजूरच झाले नव्हते. आणि पीकविम्याचं प्रकरण पुन्हा वेगळं, एकवीस दिवसांचा खंड, २५ टक्के अग्रिम वगैरे २०२३ ला तुम्ही ऐकलं असेल ते विम्याचं होतं, त्याचा दुष्काळ जाहीर होण्याशी संबंध नव्हता, त्यामुळे दोन्ही अर्ज आणि दोन्ही भांडणं वेगवेगळी ठेवा.

आता या पद्धतीत खोट कुठंय ते सांगतो. एक तर पर्जन्यमापक. मंडळाला एक यंत्र, मंडळात वीस-पंचवीस गावं. आपल्याकडं ऑगस्ट-सप्टेंबरचा पाऊस कसा पडतो तुम्हाला माहितीये, बैलाचं एक शिंग भिजतं दुसरं कोरडं. मंडळाच्या गावी एका संध्याकाळी चाळीस मिलिमीटर झोडपून गेला की सगळ्या पंचवीस गावांचा खंड कागदावर तुटतो, मग तुमच्याकडं महिनाभर थेंब नसला तरी. दुसरं, उपग्रहाची हिरवळ. सोयाबीन सप्टेंबरात लांबून हिरवंगार दिसतं, आत जाऊन झाड उपटा, शेंगा चपट्या, दाणा ज्वारीएवढा. वरून बघणाऱ्याला पानं दिसतात, दाणा दिसत नाही, आणि बांधावरचं तण नि उसाचे फडही त्याच हिरव्यात धरले जातात. पद्धत शास्त्रीय आहे, मी तिच्या विरोधात नाही, नजर अंदाजाने तालुक्याच्या ऑफिसात बसून आकडे भरण्यापेक्षा कितीतरी बरी. पण जिचं माप मंडळाला एक आहे तिच्यावरून गावाचं भवितव्य ठरवायचं असेल तर गावाने स्वतःचं माप ठेवलंच पाहिजे.

ते कसं ठेवायचं तर शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या गच्चीवर साधा पर्जन्यमापक बसवा, आजूबाजूला झाड किंवा भिंत जवळ नको, रोज सकाळी साडेआठला एकाच माणसाने वाचायचं आणि वहीत सही करून लिहायचं. पेरणीपासून खंडाचे दिवस मोजा. सप्टेंबरच्या पंधरवड्यात कृषी सहाय्यकाला बोलवून शेतात उभं करा, फोटो काढा, पंचनाम्यासारखं टिपण करा. आणि हे सगळं ग्रामसभेच्या ठरावाला जोडून तहसीलदाराकडं ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पोच घेऊन द्या. याने निकष बदलणार नाहीत हे मान्य, पण प्रत्यक्ष पाहणीत तुमचं गाव आलं तर तुमच्याकडं कागद असतो आणि नंतर मंडळाची फेरतपासणी मागताना पण तोच कामाला येतो. एप्रिलमध्ये काढलेल्या मोर्चाने टँकरच्या खेपा वाढतात, दुष्काळ जाहीर होत नाही, कारण ती फाईल पाच-सहा महिन्यांपूर्वी बंद झालेली असते.

हे झालं पैशाचं. आता पाण्याचं, आणि माझ्या मते खरा प्रश्न हाच.

तुमच्याकडची जुनी माणसं सांगतात बघा, बहात्तरच्या दुष्काळात धान्य नव्हतं पण विहिरीला पाणी होतं. लोकांनी मिलो खाल्ला, सुकडी खाल्ली, खडी फोडली, नालाबांध टाकले. वि. स. पागेंनी मांडलेली रोजगार हमी त्या काळात राज्यभर उभी राहिली, १९७७ ला कायदा झाला आणि पुढं सबंध देशाने २००५ ला तोच धागा धरला. दुष्काळ म्हणजे हाताला काम आणि पोटाला धान्य नसणं, हे सरकारला तेव्हा समजलं आणि त्याच्यावर उपायही सापडला. आजचा दुष्काळ वेगळा आहे. रेशनवर धान्य मिळतं, दुकानात सगळं मिळतं, पाणी नाही. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याआधी पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावायची पाळी आली होती. धनेगावचा मांजरा प्रकल्प कोरडा पडलेला आणि त्याच खोऱ्यात साखर कारखाने. पाऊस सलग कमी झाला हे खरंच आहे, पण नुसत्या पावसाने अशी वेळ आली नाही.

आकडेमोड करून बघू या, हीच मी गावागावांत फळ्यावर करून दाखवतो. समजा गावाचं शिवार हजार हेक्टर आणि लोकसंख्या २४००. वाईट वर्ष धरा, ३५० मिलिमीटर पाऊस. हजार हेक्टरवर ३५० मिलिमीटर म्हणजे ३५० कोटी लिटर. आपला खडक बेसाल्ट, काळा पाषाण, राज्याचा ८२ टक्के भाग याच खडकाचा, यात मुरतं फार कमी, जागेप्रमाणे कमीजास्त होतं पण दहा टक्के धरून चालू. म्हणजे ३५ कोटी लिटर जमिनीत गेलं. आता माणसांना रोज ५५ लिटर, जे जलजीवन मिशनचं माप आहे, वर्षाला झाले साधारण पावणेपाच कोटी लिटर. दीड हजार जनावरं धरा, चाळीस लिटरने, अजून सव्वादोन कोटी. माणसं आणि जनावरं मिळून सात कोटी. जमिनीत ३५ कोटी, प्यायला लागतं सात कोटी. वाईट वर्षात!

मग बाकीचं जातं कुठं. पाटाने दिलेल्या एका हेक्टर उसाला वर्षाला दोन ते अडीच कोटी लिटर पाणी लागतं, त्यातलं थोडं पावसातून येतं, तरी बाकीचं विहिरीतून नि बोअरमधूनच. दहा हेक्टर ऊस म्हणजे वीस-पंचवीस कोटी. कांद्याला हेक्टरी साठ लाख लिटर धरा, चाळीस हेक्टर कांदा म्हणजे चोवीस कोटी. झाले ना पंचेचाळीस-पन्नास कोटी, आणि खात्यावर जमा होते पस्तीसच. अख्ख्या गावाचं वर्षाचं पिण्याचं पाणी आणि दोन-सव्वादोन हेक्टर ऊस यांचं माप एकच आहे, हे मी पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा परत परत तपासून बघितलं होतं, विश्वास बसेना. एक एकर उसाचं पाणी १२ हजार लिटरच्या टँकरने आणायचं म्हटलं तर साडेसातशे टँकर लागतील.

मी ऊस लावणाऱ्याला दोष देत नाहीये, हे नीट समजून घ्या. उसाला ठरलेला भाव आहे, कारखाना तोड पाठवतो, तूर-हरभऱ्याला हमीभाव कागदावर आणि खरेदी केंद्र उघडेपर्यंत अर्धा माल व्यापाऱ्याच्या गोदामात. माणूस जे हमखास विकतं तेच पेरणार. धोरण तिथं बदलायला हवं, आणि ते बदलत नाही तोवर दुष्काळावर कितीही हजार कोटी घाला, एका हाताने भरायचं आणि दुसऱ्या हाताने उपसायचं हेच चालणार.

आता जलयुक्तचं. २०१४ च्या डिसेंबरात ही योजना आली, दरवर्षी पाच हजार गावं आणि २०१९ पर्यंत राज्य टंचाईमुक्त असं उद्दिष्ट होतं. सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगचा अहवाल २०२० ला आला, खर्च ९६३३ कोटी ७५ लाख आणि भूजल पातळी वाढवण्यात फारसा उपयोग झाला नाही असा ठपका. त्यावरून राजकारण खूप झालं, मी त्यात पडत नाही. मी जी गावं बघितली तिथं कामं वाईटच झाली असंही नाही. जिथं माथ्यापासून सुरुवात केली, डोंगरावर सलग समतल चर, मग शेतात बांधबंदिस्ती आणि शेवटी नाला, तिथं फरक पडलाय, विहिरींना एक-दोन महिने जास्त पाणी टिकलंय. पण बऱ्याच ठिकाणी पोकलेन सरळ नाल्यातच उतरवला, कारण पोकलेनच्या तासांचं बिल लवकर निघतं आणि चर खोदायला माणसं लागतात. मुरूम फोडून खाली कठीण खडकापर्यंत नेलं, काही ठिकाणी त्याच्याही पुढं. गाळ काठावर टाकला, तो पुढच्याच पावसात परत आत. तरी पाणी साठलं आणि लोक खूश झाले. आणि खरी गोष्ट पुढं घडली, पाणी वाढलंय म्हटल्यावर दोन वर्षांत नाल्याच्या दोन्ही काठांनी नव्या विहिरी आणि बोअर पडले. योजनेत पाणी अडवायला पैसे होते, जिरवायला होते, पण अडवलेलं पाणी कुणी किती घ्यायचं याच्याबद्दल गावाला बसवून बोलायला ना माणूस होता ना वेळ. पाण्याच्या ताळेबंदाचा (किती आलं, किती गेलं) तक्ता प्रत्येक फाईलला जोडलेला असायचा, भिंतीवरही रंगवायचे, पण त्या तक्त्यावरून कुणी पीक बदललेलं मी क्वचितच पाहिलं.

एक चित्र माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. फेब्रुवारीचा महिना, एका गावाच्या वरच्या अंगाला शेततळं, काळ्या प्लास्टिकचं, काठोकाठ भरलेलं, वाऱ्याने लाटा उठतायत. पावसाचं पाणी यायला त्याला वाटच नव्हती, चारी बाजूंनी बांध उंच. तीन बोअरचे काळे पाईप त्यात सोडलेले. आणि तिथून चारशे-पाचशे मीटर खाली गावाचा हातपंप, एक आजी दांडा मारतेय, चाळीस-पन्नास दणके झाले की कळशीत तांब्याभर गढूळ पाणी. मी शेततळ्याच्या मालकाशी बोललो, भला माणूस, डाळिंबाची बाग जगवायला त्याने ते केलं होतं, कर्ज होतं डोक्यावर. त्याला त्या हातपंपाचं माहितीच नव्हतं, कारण जमिनीखालचं दिसत नाही. वर उन्हात पसरलेलं ते पाणी उडून पण जातं, मे महिन्यापर्यंत चांगलंच. शेततळं पावसाचं, ओढ्याचं वाहून जाणारं पाणी साठवायला असतं, भूजल उपसून वर ठेवायला नाही, आणि अनुदान देताना ते भरणार कुठून हे जाऊन बघायला हवं होतं.

माझ्या हातून पण एक चूक झालीय, ती सांगितल्याशिवाय दुसऱ्यांबद्दल बोलणं बरोबर नाही. सुरुवातीच्या वर्षांत एका वस्तीला टंचाईत विंधन विहीर मंजूर झाली, जागा मी दाखवली, दोनशे फुटांवर चांगलं पाणी लागलं, वस्तीने नारळ फोडला. दोन वर्षांनी उन्हाळ्यात तिकडून गेलो तर वस्तीच्या बोअरला पाणी होतं पण खालच्या वस्तीची जुनी आडविहीर तळाला गेलेली. एकाच भेगेतलं पाणी होतं ते. मी फक्त पाणी कुठं लागेल ते बघितलं, ते कुणाचं आहे ते नाही बघितलं. तेव्हापासून जागा दाखवायच्या आधी आजूबाजूच्या सगळ्या विहिरींची मापं घ्यायची सवय लावून घेतली.

टँकरबद्दल तुम्ही विचारलंय, लोकांची तक्रार आहे पुरत नाही म्हणून. नाहीच पुरणार, टंचाईत ग्रामीण भागाला माणशी २० लिटर धरतात. २४०० लोकसंख्येला ४८ हजार लिटर, म्हणजे बारा हजारीच्या चार खेपा. त्यात लोकसंख्या जुन्या जनगणनेची धरली की अजून कमी. म्हणून ठराव करताना आजची लोकसंख्या, वाड्या-वस्त्या, ऊसतोडीवरून परत आलेली कुटुंबं आणि जनावरं वेगळी लिहून द्या. तुमच्या भागात मार्च-एप्रिलमध्ये माणसं कारखान्यावरून परत येतात आणि तेव्हाच पाणी संपलेलं असतं, ही गोष्ट वर बसलेल्याला लक्षात आणून द्यावी लागते. दुसरं, टँकर कोरड्या विहिरीत ओतू देऊ नका. बारा हजार लिटर ओततात, तळ भेगांचा असतो, बायका पोहरे सोडेपर्यंत त्यातलं बरंच पाणी खडकात गेलेलं असतं, आणि त्या काठावर जी रेटारेटी होते त्यात कुणी आत पडलं तर काय करायचं. टाकी ठेवा आणि तिला खाली तोट्या लावा. खेपांची वही गावातल्या बाईच्या हातात द्या, तिने सही केल्याशिवाय खेप धरायची नाही, जीपीएस असलं तरी.

टँकर मिळायची वाट पण माहिती असू द्या. दरवर्षी टंचाई कृती आराखडा तीन टप्प्यांत होतो, ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. त्यात नुसते टँकर नसतात, विहिरीचा गाळ काढणं, खोल करणं, नळयोजनेची विशेष दुरुस्ती, नदीत बुडकी (पाण्यासाठी खड्डा) घेणं, तात्पुरती पूरक योजना, खाजगी विहीर अधिग्रहण, हे सगळं असतं. तुमच्या गावाचं नाव कुठल्या टप्प्यात आणि कुठल्या उपायाखाली आहे हे पंचायत समितीत जाऊन ऑक्टोबरातच बघा. नाव नसेल तर मार्चमध्ये सगळी पळापळ होते. बरीच गावं सवयीने फक्त टँकर मागतात, आणि गाळ काढायला किंवा फुटलेली पाईपलाईन नीट करायला जे पैसे मिळाले असते ते मागतच नाहीत. अधिग्रहण केलं तर त्या शेतकऱ्याचे पैसे वेळेत निघतील हे बघणं पण सदस्य म्हणून तुमचंच काम, कारण एकदा का वर्षभर त्याचे पैसे अडकले की पुढच्या वर्षी तो विहिरीला कुलूप लावतो, मी दोन गावांत हे झालेलं पाहिलंय.

कायदा आहे का? आहे की. १९९३ पासून आहे. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला बंदी, आणि टंचाई क्षेत्र जाहीर झालं की एक किलोमीटरच्या आतल्या विहिरीचा उपसा आदेश काढून थांबवता येतो. पुढं २००९ चा भूजल कायदा आला, २०१४ पासून लागू झाला, त्यात अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई आहे. पण मी आजवर उपसाबंदीचे फारच थोडे आदेश निघालेले बघितले आणि निघाले तेही एप्रिल-मेमध्ये, जेव्हा बंद करायला विहिरीत पाणीच उरलेलं नसतं. तलाठ्याने जाऊन कुणाची मोटर बंद करायची, ज्या गावात त्याला रोज बसायचंय? पोलीस लावून पाणी वाचत नाही. हा कायदा गावाच्या हातात चर्चेसाठी असावा, म्हणजे सरपंच म्हणू शकतो की बाबांनो आपण आपसात ठरवू, नाहीतर वरून आदेश येईल.

आणि आपसात ठरवलेलं टिकतं, याचे दाखले आपल्या राज्यातच आहेत. पुरंदरमध्ये नायगावला विलासराव साळुंख्यांनी पाणी पंचायत उभी केली, बहात्तरच्या दुष्काळानंतर, तिथं पाणी जमिनीवर नाही तर माणशी, अर्ध्या एकराला पुरेल एवढं, आणि उसाला बंदी. हिवरे बाजारात पाऊस मोजून ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि त्यावरून कुठलं पीक किती ते ठरतं, शेतीला बोअर नाही, ऊस-केळी नाही. लोक म्हणतात तिथं पोपटराव पवार होते म्हणून झालं. असेल, पण तिथं जे मोजमाप होतं ते करायला पुढारी लागत नाही, टेप लागते.

त्यासाठी तुम्हाला काय करायचंय ते सांगून थांबतो. गावातल्या पाच विहिरी निवडा, एक पिण्याची, दोन नाल्याकाठच्या, एक माळावरची, एक गावाखालची. काठावर ऑइलपेंटने एक खूण करा, दरवेळी तिथूनच मोजायचं. पन्नास मीटरची टेप, टोकाला जड नट बांधा, आदल्या रात्रीपासून मोटर बंद ठेवायला सांगा आणि सकाळी सकाळी सोडा, नट पाण्याला लागला की टुब्ब आवाज येतो, तिथला आकडा वाचा, परत वर घेऊन परत सोडा, दोनदा सारखा आला की लिहा. सरकारी निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशा मोजतात, तुम्ही पण त्याच महिन्यांत मोजा म्हणजे ताडून बघता येईल. तुमच्या पाणलोटातली निरीक्षण विहीर कुठल्या गावात आहे आणि तिची गेल्या पाच वर्षांची ऑक्टोबरची मापं काय, हे भूजल सर्वेक्षणच्या जिल्हा ऑफिसला अर्ज करून मागा, मिळतात.

मग ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, कांद्याची रोपं टाकायच्या आणि उसाची लागण धरायच्या आधी, फळ्यावर तीनच आकडे लिहा, यंदा किती मुरलं, माणसा-जनावरांना जूनअखेरपर्यंत किती लागणार, आणि उरलं किती. पिण्याचं पाणी आधी वजा करा. उरलेल्यात दोन पाण्यावर येणारी शाळू किती, हरभरा किती, कांदा किती ते लोकांनाच बोलू द्या. पहिल्या वर्षी भांडणं होतील, निम्मे उठून जातील, तरी पिण्याच्या विहिरीभोवतीच्या पाच-सहा शेतकऱ्यांना वेगळं बसवा, सगळ्या गावाला एकदम वळवायच्या नादी लागू नका. एका गावात आम्ही सहाच जणांना तयार केलं होतं, त्यांनी उन्हाळी कांदा सोडून हरभरा घेतला, बदल्यात ग्रामपंचायतीने त्यांची घरपट्टी-पाणीपट्टी त्या वर्षी लोकवर्गणीतून भरली. त्या उन्हाळ्यात टँकर मेच्या दुसऱ्या आठवड्यात आला, आधीच्या वर्षी मार्चच्या सुरुवातीलाच आला होता.

ऑक्टोबरची मापं घेतलीत की इथंच टाका, पाचही विहिरींची खोली आणि व्यास पण लिहा, मी ताळेबंद मांडून देतो.